गेम किती तासांचा असावा?

सटाण्यात आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम दिवसाच्या भाड्याने मिळायचा. त्यातला ‘कॉन्ट्रा’ आम्ही दोन उन्हाळे खेळलो. स्टेज आठच. हात बसलेला खेळाडू अर्ध्या तासात शेवटचा बॉस मारतो. पण तिसऱ्या स्टेजच्या धबधब्यावर एक उडी चुकली की लाइफ जायची, सगळ्या संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. हा गेम छोटा आहे, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही.

आज गेम विकत घेण्याआधी पहिला प्रश्न येतो: किती तासांचा आहे? प्रश्न रास्त आहे. मोठ्या कंपनीचा नवा गेम चार-पाच हजारांना पडतो आणि कांद्याच्या भावावर चालणाऱ्या घरात एवढे पैसे सहज सुटत नाहीत. तरीही किंमत भागिले तास हा हिशेब मला घातक वाटतो. त्यामुळे गेम बनवणाऱ्यांना आमटीत पाणी घालायची सवय लागते.

‘असॅसिन्स क्रीड वल्हाला’ (2020) हे त्याचं ठळक उदाहरण. मुख्य कथा साठेक तासांची, पण एका प्रांतातून दुसऱ्यात जाताना तीच कामं नव्या नावाने समोर येतात. याच मालिकेचा ‘मिराज’ (2023) मुद्दाम आटोपशीर ठेवला गेला आणि नेहमीपेक्षा कमी, 50 डॉलरला विकला गेला. लांबी कमी, तर किंमतही कमी, हा व्यवहार सरळ आहे.

आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ (2020) केला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी वाड्यांसारखी वास्तुरचना, कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. पाच-सहा तासांत तो संपतो. मला त्याची लांबी खटकली नाही. खटकला तो शेवट. कथा ऐन भरात आली आणि पडदा पडला. ‘राजी’ छोटा आहे ही तक्रार करणाऱ्यांना खरं तर तो अपुरा वाटला असावा. या दोन दोषांत गल्लत होऊ नये.

कारण छोटा गेम पुरा असू शकतो. टोरांटोत बनलेला ‘वेनबा’ (2023) जेमतेम दीड तासाचा. कॅनडात स्थायिक झालेली तमिळ आई, डाग पडून अक्षरं पुसट झालेली पाककृतींची वही. वाफ नीट फिरेल अशी इडलीपात्राची ताटं रचताना तिचं एकटेपण आपल्यापर्यंत पोचतं. मात्र स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो. म्हणजे ‘वेनबा’ शेवटपर्यंत खेळूनही पैसे परत मागता येतात. या नियमाची झळ छोट्या निर्मात्यांनाच बसते.

दुसऱ्या टोकाला मोबाइलवरचा ‘बीजीएमआय’. घेताना फुकट, पण त्याला शेवटच नाही. पैसे जातात स्किनमध्ये, म्हणजे पात्रांच्या पोशाखांत, आणि रात्री जातात मॅचमध्ये.

तमाशातला वग रात्रभर रंगतो, एकांकिका तासाभरात संपते. एकांकिकेला कुणी अर्धवट नाटक म्हणत नाही. गेमलाही हाच न्याय हवा. निर्मात्याने कथेला पुरेल एवढीच लांबी ठेवावी आणि त्या मानाने किंमत लावावी. घेणाऱ्याने तासांसोबत आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: शेवट पुरा होतो का, आणि लाइफ गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून खेळावंसं वाटतं का? त्या धबधब्यावर आम्हाला दर वेळी वाटायचं.