नोंदवही भरली, नजर तयार झाली का?

अतिदक्षता विभागातील परिचारिकेला काय काय यायला हवे, याची यादी करणे फारसे कठीण नाही. ते तिला खरोखर आले की नाही, हे ठरवणे मात्र अवघड आहे. भारतीय परिचर्या परिषदेने पदवीधर परिचारिकांसाठी आखलेला अतिदक्षता परिचर्येचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आम्ही याच दृष्टीने वाचला.

निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाच्या धर्तीवर आखलेल्या या अभ्यासक्रमात व्याख्यानांपेक्षा रुग्णाच्या खाटेजवळच्या कामाला कितीतरी अधिक स्थान आहे, ही मोठी जमेची बाजू. काम मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करायचे आणि कौशल्यांची नोंद करून वहीत सही घ्यायची, अशी व्यवस्था आहे.

आमची शंका आहे ती या वहीविषयी. श्वासनलिकेतील स्राव किती वेळा शोषून काढला, हे वहीत मांडता येते. पण रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजनचा आकडा ९४ टक्क्यांवर स्थिर असताना त्याचा श्वास मिनिटाला १८ वरून २८ वर गेला, तो अस्वस्थ झाला, तर काहीतरी बिघडते आहे हे ओळखणे कोणत्या रकान्यात लिहायचे? अमेरिकेतील परिचर्यातज्ज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकी परिचारिका नियमाने चालते, तर तज्ज्ञ परिचारिका सगळी परिस्थिती एकत्रितपणे जोखते. सह्या मोजून ही पायरी कळत नाही.

वेळीच बोलणे हेही असेच कौशल्य. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालताना पाळायच्या पाच साध्या गोष्टी ठरवण्यात आल्या. त्यांतली एखादी सुटली, तर डॉक्टरांना थांबवण्याची मुभा परिचारिकांना मिळाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचे मध्यक प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे २.७ होते, ते तीन महिन्यांत शून्यावर आले. वरिष्ठांना असे थांबवणे आपोआप जमत नाही; त्याचीही तालीम लागते.

शिक्षकांना हा प्रश्न परका नाही. प्रयोगवही पूर्ण असलेल्या विद्यार्थ्याला प्रयोग समजलेला असतोच असे नाही, म्हणून आपण तोंडी प्रश्न विचारतो. परिचारिकेच्या वहीतही प्रत्येक सहीआधी तीन ओळी असाव्यात: काय दिसले, काय ठरवले आणि का. मार्गदर्शकाने त्या वाचून प्रश्न विचारावेत, मगच सही करावी.