विलायत आणि जर्मनी : मराठी विद्याप्रवासाच्या दोन वाटा

परदेशी शिक्षणाच्या संदर्भात दोन देशांची तुलना बहुधा संख्येने केली जाते : विद्यार्थी किती गेले, शुल्क किती, शिक्षणानंतर राहण्याची मुभा किती. ब्रिटनने २०२१ मध्ये पदवीनंतर काही काळ तेथे काम करण्याची सवलत सुरू केली. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. विद्यार्थ्याला ही माहिती मोलाची खरी; परंतु त्या प्रवासातून विद्येला काय लाभले, याचा निर्णय तिच्या आधारे होत नाही. त्यासाठी स्वातंत्र्यपूर्व काळातील मराठी विद्वानांची उदाहरणे पाहणे उद्बोधक ठरेल.

इंग्लंडची वाट राज्यकर्त्यांच्या घरची होती. तेथील पदवी, बॅरिस्टरी वा सनदी परीक्षा यांना येथे अधिकार आणि वेतन यांच्या रूपाने तात्काळ मूल्य होते. जर्मन पदवीला असा राजाश्रय नसल्याने तिकडे जाणाऱ्यास मुख्यतः विषयाची ओढ नेत असे. यावरून ‘इंग्लंडने अधिकारी दिले, जर्मनीने संशोधक’ असे सूत्र मांडण्याचा मोह होतो. पण ते टिकत नाही. र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले आणि परतून फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करू लागले. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य लाभलेले डॉ. आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि बॅरिस्टरीही त्याच मुक्कामात पुरी झाली. बॉन विद्यापीठात त्यांनी नाव नोंदविले होते, पण तेथील अभ्यास पूर्णत्वास गेला नाही.

दोन्ही वाटा एकाच व्यक्तीच्या ठायी पाहावयाच्या तर वि. सी. सुखठणकरांकडे पाहावे. केंब्रिजमध्ये ते गणित शिकले. बर्लिनमध्ये हाइनरिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत व्याकरणाचे संशोधक झाले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठनिर्णयाची जी काटेकोर शिस्त दिसते, तिचे मूळ या शिक्षणात आहे. तथापि ती शिस्त फळास आली ती १९२५ मध्ये भांडारकर संस्थेने हे कार्य त्यांच्याकडे सोपविल्यानंतर. इरावती कर्वे यांचे उदाहरणही असेच बोलके आहे. बर्लिनची पदवी त्यांनी १९३० मध्ये मिळविली. कवटीच्या मोजमापांतून निघालेले निष्कर्ष मार्गदर्शक ऑइगेन फिशर यांच्या वंशविषयक गृहीतास अनुकूल नसतानाही त्यांनी ते मांडले. परंतु या स्वतंत्र बुद्धीस संशोधनाचे स्थिर स्थान लाभले ते १९३९ मध्ये, डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले तेव्हा. मधली नऊ वर्षे बर्लिनच्या खात्यावर मांडता येणार नाहीत. ती आपल्या येथील उणीव दर्शवितात.

तात्पर्य, विद्याप्रवासाचे माप पाठविणाऱ्या वा शिकविणाऱ्या देशाइतकेच परतणाऱ्यास सामावून घेणाऱ्या संस्थेवर अवलंबून असते. कोल्हापूरला हा प्रश्न परका नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासन देत असलेली परदेश शिष्यवृत्ती शाहू महाराजांच्याच नावाची आहे, आणि १९६२ पासून येथे स्वतंत्र विद्यापीठ आहे. जाणाऱ्यास वाट दाखविणे हे अर्धे कार्य होय. तो परत येईल तेव्हा त्याच्या विषयाचे ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि दीर्घकाळ चालणारे एखादे सामूहिक कार्य येथे सिद्ध असणे, हे उरलेले अर्धे. त्यावाचून लंडन की बर्लिन हा वाद केवळ प्रवासखर्चाचा वाद ठरेल.