सुधारून वाढवलेली आवृत्ती आणि आपले कान

पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीवर ‘सुधारून वाढवलेली’ असे छापलेले असते. काय सुधारले आणि काय वाढवले हे पाहायचे तर दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाने उलटावी लागतात. फारच थोडे वाचक तेवढे कष्ट घेतात, पण कष्ट घेतले तर उत्तर नक्की मिळते. ऐकण्याच्या वस्तूंचे तसे नाही. हेडफोनची नवी आवृत्ती आली की ‘आवाज अधिक खुला झाला’, ‘खर्ज भरला’, ‘गायिका जणू समोर येऊन बसली’ अशी परीक्षणे येऊ लागतात. आवाजाची पाने उलटता येत नाहीत. पहिला आवाज संपल्यावरच दुसरा सुरू होतो, आणि त्याची तुलना होते ती पहिल्याच्या आठवणीशी. ही आठवण तपशिलाने टिकते ती काही सेकंद. परीक्षक मात्र गेल्या वर्षी ऐकलेल्या हेडफोनशी आजच्या हेडफोनची तुलना बिनदिक्कत करत असतात.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी या महागड्या छंदाकडे का पाहावे, असे आमच्या वाचकांना वाटेल. आमच्या मते ‘फरक आहे की नाही’ हा प्रश्न प्रामाणिकपणे कसा सोडवायचा, हे शिकवायला इतके सोयीचे दुसरे उदाहरण क्वचित मिळेल. यात एक फरक खरा आहे, एक बहुधा कल्पनेतला आहे, आणि दोघांचे वर्णन करणारी भाषा अगदी एकच आहे.

आधी खरा फरक पाहू. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने २००९ साली ‘एचडी ८००’ हा हेडफोन बाजारात आणला. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे १४०० डॉलर होती. नेहमीच्या हेडफोनात कंप पावणारा पडदा सबंध तबकडीसारखा असतो, यात तो कंकणाकृती आहे. व्यास ५६ मिलिमीटर, मधला भाग मोकळा. पडदा मोठा केला की हवा जास्त ढकलता येते, पण त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या लयीत हलू लागतात. मधला भागच काढून टाकला तर हा गोंधळ कमी होतो. कल्पना चांगली होती आणि हेडफोनचे कौतुकही पुष्कळ झाले. तक्रार एकच आणि सातत्याची होती. ‘स’कार टोचतात, झांजांचा आवाज अंगावर येतो.

मोजणी केल्यावर तक्रारीला आधार मिळाला. कृत्रिम कानावर हेडफोन बसवून प्रत्येक कंपनसंख्येला आवाज किती मोठा येतो त्याचा आलेख काढतात. या हेडफोनच्या आलेखात सुमारे ६००० हर्ट्‌झपाशी एक ठळक उंचवटा दिसतो. हवेतल्या ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ६००० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी ५.७ सेंटिमीटर येते. हेडफोनची वाटी, कानाची पाळी आणि मधली पोकळी यांची मापेही काही सेंटिमीटरच असतात. तरंगलांबी आणि पोकळीचे माप एकमेकांच्या जवळपास आले की अनुनाद होण्याची शक्यता वाढते. कानाची नळीच घ्या. ती सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि एका टोकाला बंद. अशा नळीचा अनुनाद तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाला होतो, म्हणजे साधारण ३४०० हर्ट्‌झला. निसर्गाने दिलेला हा उंचवटा आपण जन्मापासून ऐकत आलो आहोत, म्हणून तो खटकत नाही. ६००० हर्ट्‌झचा पाहुणा मात्र खटकतो. मराठीतला ‘स’ आणि ‘चमचा’तला दंत्य ‘च’ यांची बरीचशी ऊर्जा याच वरच्या पट्ट्यात असते. ‘सासूबाईंनी साखरेचा शिरा सांडला’ हे वाक्य अशा हेडफोनवर ऐकले तर प्रत्येक ‘स’ वाक्यातून उडी मारून बाहेर येईल.

२०१६ साली ‘एचडी ८०० एस’ बाजारात आला. किंमत सुमारे १७०० डॉलर. या आवृत्तीत कंकणाच्या मधल्या मोकळ्या जागेत एक छोटा अनुनादक बसवला आहे. हेल्महोल्ट्‌झने १८६३ साली ध्वनिसंवेदनेवरील आपल्या ग्रंथात ज्या अनुनादकांची चर्चा केली त्यांच्याच वंशातला हा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ‘हूं’ असा आवाज येतो. मानेतली हवा वस्तुमानासारखी आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते, आणि त्या जोडीची एक ठरावीक कंपनसंख्या असते. बाटलीत पाणी भरत गेलो की स्प्रिंग ताठ होते आणि सूर चढतो. हे आपण वर्गात करतोच. एक गोष्ट मात्र आपण सहसा सांगत नाही. हीच बाटली आवाज करण्याऐवजी आवाज गिळूही शकते. बाहेर तिच्या कंपनसंख्येचा ध्वनी असेल तर मानेतली हवा जोराने मागेपुढे होते, अरुंद वाटेत घर्षण होते आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेत जाते. बाकीच्या कंपनसंख्यांना ती जवळजवळ हात लावत नाही. सेनहायझरने ही युक्ती आधी कानात घालायच्या ‘आयई ८००’ या छोट्या हेडफोनात वापरली होती, नंतर ती या मोठ्या भावंडाकडे आली.

दोन्ही आवृत्त्यांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर ६००० हर्ट्‌झपाशी नव्याचा उंचवटा काही डेसिबेलने खाली आलेला दिसतो. इतरत्र रेषा बऱ्याच अंशी एकमेकींना धरून जातात. काही डेसिबेलचा फरक, तोही कानाला झोंबणाऱ्या पट्ट्यात, सामान्य श्रोत्यालाही कळतो. म्हणून आम्ही या सुधारणेला सुधारणा म्हणतो. तिच्यामागे कारण आहे, यंत्रणा आहे आणि मोजता येणारा परिणाम आहे. अर्थात जुना हेडफोन वापरणाऱ्या कित्येकांनी त्याच्या आधीच वाटीत फेल्टचे तुकडे चिकटवून हा उंचवटा खाली आणायची खटपट चालवली होती. संगणकावर ध्वनी ऐकणारा तर तो पट्टा काही डेसिबेलने कमी करून जवळपास तिथेच पोचतो. तीनशे डॉलर कशाचे, असा प्रश्न मग उरतोच.

आता परीक्षणांकडे वळू, कारण आमची खरी तक्रार तिथे आहे. ‘एस’ आवृत्तीबद्दल पुन:पुन्हा लिहिले गेले की तिचा खर्ज भरदार आहे, ती अधिक ‘काळोखी’ आहे आणि जुनी ‘उजळ’ होती. खर्जाचे समजू शकते. वरचे टोक थोडे खाली आले की कान तोल नव्याने मांडतो आणि खालचा भाग न वाढताच वाढल्यासारखा वाटतो. पण ‘उजळ’ आणि ‘काळोखी’ ही विशेषणे वाचताना एक साधी गोष्ट आठवावी. जुना हेडफोन चंदेरी आहे आणि नवा काळा. ही विशेषणे डोळ्यांनी पुरवली की कानांनी, हे सांगण्याचा उपाय त्या परीक्षकांनी स्वत:जवळ ठेवलेला नव्हता. आपल्या भाषेत आवाजासाठी खणखणीत, दबका, किनरा, भसाडा, कर्कश असे थेट कानावरून आलेले शब्द असताना उसन्या रंगांची गरज का पडावी, हेही एक कोडेच आहे.

दुसरा भाग अधिक गंभीर आहे. नव्या हेडफोनच्या खोक्यात साध्या तारेबरोबर चार टोकांची ‘बॅलन्स्ड’ तारही दिली होती. ही तार अॅम्प्लिफायरच्या वेगळ्या तोंडात बसते आणि पुष्कळ अॅम्प्लिफायरांत त्या तोंडातून दुप्पट व्होल्टेज येते. व्होल्टेज दुप्पट म्हणजे आवाज ६ डेसिबेलने मोठा. मोठा आवाज माणसाला चांगला वाटतो, आणि त्यात खर्ज तर हमखास भरल्यासारखा वाटतो, कारण आपला कान हळू आवाजात खालचे स्वर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे आलेखांनी दाखवले होते. जुना हेडफोन साध्या तारेवर आणि नवा बॅलन्स्ड तारेवर ऐकून, घुंडी तशीच ठेवून लिहिलेले परीक्षण हे हेडफोनचे परीक्षणच नव्हे. तुलनेत दोन्हींचा आवाज एक दशांश-दोन दशांश डेसिबेलपर्यंत जुळवावा लागतो. हे काम कानाने होत नाही, मापकाने करावे लागते.

तिसरी गोष्ट शिक्षकांना लगेच पटेल. ‘अ’ तुकडीतला एक विद्यार्थी आणि ‘ब’ तुकडीतला एक विद्यार्थी घेऊन कोणती तुकडी हुशार ते आपण ठरवत नाही. एकाच प्रकारच्या दोन हेडफोनांतही थोडा फरक असतो, एकाच हेडफोनच्या डाव्या-उजव्या बाजूंतही असतो. तोच हेडफोन काढून पुन्हा डोक्यावर चढवला तरी वरच्या पट्ट्यातला आलेख हलतो, म्हणून मोजणारे तो पुन:पुन्हा बसवून सरासरी घेतात. शिवाय कानाभोवतीच्या गाद्या वापराने दबतात, पडदा कानाच्या जवळ येतो आणि आवाज बदलतो. चार वर्षे वापरलेला जुना आणि खोक्यातून काढलेला नवा यांची तुलना झाली तर त्यात जुन्या-नव्या गाद्यांचीही तुलना होऊन जाते.

आता दुसरे उदाहरण. याच कंपनीचा ‘एचडी ६५०’ २००३ सालचा. छापील किंमत सुमारे ५०० डॉलर. २०१६ साली मासड्रॉप या विक्री कंपनीबरोबर तोच हेडफोन ‘एचडी ६एक्सएक्स’ या नावाने सुमारे २०० डॉलरला विकायला काढला गेला. करड्याऐवजी गडद निळा रंग आणि तीन मीटरऐवजी १.८ मीटरची तार. आतले भाग तेच असल्याचे सांगितले गेले होते. तरीही स्वस्त हेडफोनचा आवाज ‘किंचित कोरडा’ किंवा ‘कमी खोल’ असल्याचे ठामपणे सांगणारे श्रोते निघाले. तारेचा हिशेब करून पाहू. या हेडफोनचा रोध ३०० ओहम आहे. तार आखूड केल्याने रोधात एक ओहमचा फरक पडला असे उदारपणे धरले, तरी आवाजातला फरक ०.०३ डेसिबेलच्या घरात येतो. माणसाचा कान याच्या आसपासही पोचत नाही. उरला रंग, आणि उरली किंमत. महाग ते चांगले, या समजुतीला हेडफोनपुरता तरी आधार सापडलेला नाही. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांचे आलेख त्यांच्या किमतींशी ताडून पाहिले, त्यात दोहोंचा संबंध आढळला नाही.

यावर कोणी म्हणेल की अनुभवी कान फसत नाही. शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली हार्मन कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग त्यांनी पाहावा. चार स्पीकर होते. ते दिसत असताना आणि पडद्याआड ठेवून, अशा दोन्ही प्रकारे त्यांना गुण द्यायला सांगितले. दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरांना भरघोस गुण पडले, पडद्याआड हा फायदा आटला. इथपर्यंत आपल्याला अपेक्षितच आहे. पण त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट निराळी आहे. स्पीकरची जागा हलवली की आवाज खरोखर बदलतो. पडद्याआड ऐकणाऱ्यांच्या गुणांत हा बदल उमटला, पाहणाऱ्यांच्या गुणांत जवळजवळ उमटला नाही. वस्तू दिसत असेल तर कान नसलेला फरक ऐकतो, हे खरेच. पण असलेला फरकही त्याला मग ऐकू येत नाही. आमच्या मते परीक्षकांवरचा हा सर्वांत जड आरोप आहे, आणि तो खुद्द व्यवसायाच्या आतून आलेला आहे.

हेडफोनची आंधळी चाचणी मात्र स्पीकरपेक्षा अवघड, हे मान्य केले पाहिजे. स्पीकर पडद्याआड जातो, हेडफोन डोक्यावरच बसतो. वजन, गादीचा स्पर्श, कानशिलावरचा दाब यांवरून तो ओळखू येतो. एचडी ८०० आणि एस यांचे वजन सारखेच आहे, बांधणी सारखी आहे, म्हणून डोळे बांधून करायच्या चाचणीला इतकी चांगली जोडी मिळणे कठीण. अशी चाचणी करण्याऐवजी पानेच्या पाने विशेषणे लिहिली गेली याचे आम्हांला वाईट वाटते.

शाळेत १७०० डॉलरची वस्तू येणार नाही, आणि तिची गरजही नाही. एकाच बनावटीचे दोन स्वस्त हेडफोन घ्यावेत. एकाच्या वाटीत आतून फेल्टची किंवा लोकरीच्या कापडाची चकती बसवावी. ऐकणाऱ्याचे डोळे बांधावेत, हेडफोन दर वेळी दुसऱ्याने चढवावा आणि कोणता चढवायचा ते नाणे उडवून ठरवावे. वर दिलेले सासूबाईंचे वाक्य ध्वनिमुद्रित करून ऐकवावे. फेल्टने आवाज एकूणच दबत असेल तर तेवढा वाढवून घ्यावा, नाहीतर मुले लहान-मोठ्या आवाजावरूनच ओळखतील. सोळा खेपा घ्याव्यात. निव्वळ अंदाजाने सोळापैकी बारा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शेकडा चारहून थोडी कमी असते. हा हिशेब अकरावीची मुले स्वत: करू शकतात. मग फेल्ट काढून टाकावे, दुसऱ्या हेडफोनवर फक्त निळा कागद चिकटवावा, आणि मुलांचे डोळे न बांधता त्यांना दोन्ही आवाजांचे वर्णन लिहायला सांगावे. त्या वह्या जपून ठेवाव्यात.