दहांत न मोजलेली रेचल

मुरुडहून अलिबागकडे निघालात की साळावचा पूल ओलांडल्यावर रेवदंडा लागतं. या किनारपट्टीवर बेने इस्रायली लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. किहीमकर, रोहेकर ही आडनावंही सोबत गेली.

एस्थर डेव्हिड यांची 'बुक ऑफ रेचल' (२००६) ही इंग्रजी कादंबरी मागे राहिलेल्या एका बाईची आहे. २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. मुलं इस्रायलमध्ये, म्हातारी रेचल अलिबागजवळ दांड्यात एकटी. ओस पडलेलं सिनेगॉग तीच झाडते-पुसते. समितीचा अध्यक्ष ती जागा विकायला निघतो, तेव्हा ती उभी ठाकते. प्रकरणांच्या सुरुवातीला पाककृती आहेत आणि त्या शोभेच्या नाहीत: इथे धर्म चुलीपाशीच टिकलाय.

माझी तक्रार त्या अध्यक्षाबद्दल आहे. त्याच्यावर राग काढला की वाचक मोकळा होतो. पण सिनेगॉग ओस पडायला लोभी माणूस लागत नाही. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष हवेत. नऊच उरले की ती थांबते. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने १९७३ मध्ये बायकांनाही मोजायची मुभा दिली. रेचल सगळं सांभाळते, तरी जुन्या नियमात तिची गणती शून्य.

खरा खलनायक हा हिशोब आहे. कादंबरी त्याच्याशी भांडली असती तर अधिक बोचली असती. तरी वाचाच, रेचल विसरता येत नाही.