पाच डॉलरची गोधडी आणि डीचा हट्ट

ॲलिस वॉकरची ‘एव्हरीडे यूज’ ही कथा वाचून झाली की जवळपास प्रत्येक वाचक आईच्या आणि मॅगीच्या बाजूने उभा राहतो. डी वाईट, मॅगी चांगली. गोधडी भिंतीवर टांगणं म्हणजे ढोंग आणि अंगावर घेणं म्हणजे खरी परंपरा. 1973 साली ‘इन लव्ह अँड ट्रबल’ या संग्रहात आलेली ही कथा अमेरिकेतल्या वर्गांमध्ये वर्षानुवर्षं शिकवली जाते आणि बहुतेक वेळा तिच्यातून हाच धडा काढला जातो. मला तो धडा अपुरा वाटतो. का, ते सांगायचं तर कथेइतकंच जुन्या गोधड्यांच्या बाजाराबद्दलही बोलावं लागेल.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दक्षिण अमेरिकी संस्थानांतलं एक गरीब काळं कुटुंब. आई कष्टाळू, अंगाने दणकट, फारशी न शिकलेली. धाकटी मॅगी घराला लागलेल्या आगीत भाजलेली, त्यामुळे बुजरी. थोरली डी शिकून शहरात गेलेली. ती एक दिवस घरी येते, नवं आफ्रिकी नाव घेऊन आणि सोबत एका मित्राला घेऊन. आल्या आल्या पोलरॉइड कॅमेऱ्याने घराचे फोटो काढते. मग लोणी घुसळायच्या लाकडी भांड्याचं झाकण मागते, टेबलावर शोभेला ठेवायला. रवीही मागते. शेवटी आईच्या पेटीतून दोन जुन्या गोधड्या काढते आणि त्या मलाच हव्यात असा हट्ट धरते. त्या मॅगीला लग्नात द्यायच्या ठरलेल्या असतात. मॅगी त्या रोज वापरून फाडून टाकेल, हे डीचं म्हणणं. तू काय करणार, असं विचारल्यावर ती म्हणते, टांगणार. आई तिच्या हातातून गोधड्या हिसकावते आणि मॅगीच्या मांडीवर टाकते.

इथे गोधडी म्हणतोय ती अमेरिकन क्विल्ट. आपल्याकडे लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक ठेवून धावदोरा घालतात. तिकडे वर चिंध्या जोडून केलेला नक्षीचा थर असतो, मध्ये कापूस, खाली अस्तर, आणि तिन्ही थर लाकडी चौकटीवर ताणून शिवले जातात. कथेतही तसंच आहे. वरचा थर आजीने जोडला आणि आई व मावशीने ओसरीवर चौकट लावून दोरे घातले. आजीच्या झग्यांचे तुकडे त्यात आहेत, आजोबांच्या सदऱ्याचे आहेत, आणि काडेपेटीएवढा एक फिकट निळा तुकडा आहे. तो पणजोबांनी यादवी युद्धात घातलेल्या गणवेशाचा.

आता डीकडे नीट पाहू. तिची हौस वेडगळ वाटते, पण तिला काळाची दिशा बरोबर कळलेली आहे. कथा छापली जायच्या दोनच वर्षं आधी, 1971 साली, न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने ‘ॲब्स्ट्रॅक्ट डिझाइन इन अमेरिकन क्विल्ट्स’ हे प्रदर्शन भरवलं होतं. जोनाथन होलस्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या गोधड्या तिथे पांढऱ्या भिंतींवर आधुनिक चित्रांसारख्या टांगल्या होत्या. पलंगावरची वस्तू तिथून भिंतीवर गेली आणि तिची किंमत बदलली. पेनसिल्व्हेनियातल्या आमिश लोकांच्या घरांतून गोधड्या गोळा करणारे व्यापारी त्याच दशकात फिरू लागले. डी याच लाटेवर आहे. ती कॉलेजला निघाली तेव्हा आईने तिला एक गोधडी देऊ केली होती, आणि तेव्हा तिला ती जुनाट वाटली होती. मधल्या काळात गोधडी तीच राहिली, शहराचं मत बदललं.

तिची नजर किती बाजारी आहे हे एका बारीक तपशिलात दिसतं. आई तिला दुसऱ्या गोधड्या देऊ करते. त्याही आजीनेच जोडलेल्या, पण कडा मशीनवर शिवलेल्या. डी नाही म्हणते. आईच्या दृष्टीने मशीनची शिवण जास्त टिकते, म्हणून चांगली. डीला टिकण्याशी देणंघेणं नाही, तिला हातशिलाई हवी. अमेरिकेतल्या कुठल्याही जुन्या कापडाच्या दुकानदाराने हाच फरक केला असता.

दुकानदार आणखी काय बघतो तेही कथेच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. गोधडीचं वय तो तिच्यातल्या सगळ्यात नव्या तुकड्यावरून ठरवतो, कारण जुनी चिंधी कधीही वापरता येते, पण अजून छापलंच न गेलेलं कापड शिवता येत नाही. एकोणिसाव्या शतकातले काही तपकिरी आणि काळे रंग लोखंडाच्या क्षारांनी पक्के केलेले असत, त्यामुळे तेवढेच तुकडे कुजून गळतात आणि शेजारचे शाबूत राहतात. तो अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून बघतो, कारण कापड उजळ करणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास सर्रास झाली आणि ती त्या प्रकाशात चमकतात. अर्थात जुनी गोधडी नंतर कुणी डिटर्जंटमध्ये धुतली असेल तर तीही चमकते, म्हणून एका खुणेवर तो विसंबत नाही. या नियमाने डीच्या गोधडीतला गणवेशाचा तुकडा तिला युद्धाच्या काळात नेत नाही. पण डी पाहुण्यांना सांगणार ते त्या तुकड्याचंच. वॉकरने तो इतका छोटा ठेवला, हे मला तिचं कौशल्य वाटतं. वारसा म्हणून मिरवायला एवढासा तुकडा पुरतो. बाकीची गोधडी रोजच्या कपड्यांची आहे, आणि त्या कपड्यांमागची माणसं मॅगीला माहीत आहेत. रवी कोणी कोरली, त्याचं टोपणनाव काय होतं, हे कथेत मॅगी सांगते. डी त्यावर तिच्या स्मरणशक्तीची थट्टा करते.

इथपर्यंत मी नेहमीच्या वाचनाशी सहमत आहे. पुढे अडचण सुरू होते.

पहिली अडचण. आईने आणि मॅगीने रोज वापरलेली गोधडी उरत नाही. आज जुन्या गोधड्यांच्या दुकानांत जे दिसतं ते बहुतांशी ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून पेटीत जपून ठेवलेलं. ज्या गोधडीत पोरं झोपली, आजारी पडली, मुतली, ती धुऊन धुऊन विरली आणि संपली. अगदी फाटलेली असेल तर तिला तिथे ‘कटर’ म्हणतात. कापून जॅकेट, उशी, टेडी बेअर करायला ती विकली जाते. म्हणजे रोजचा वापर कितीही प्रेमाचा असला तरी तो वस्तू संपवतो. डी उद्धटपणे बोलते, पण हे तिचं म्हणणं खोटं नाही.

दुसरी अडचण हॅरिएट पॉवर्सची. ती 1837 मध्ये जॉर्जियात गुलामीत जन्मली. वॉकरही जॉर्जियाचीच. हॅरिएटने बायबलमधले प्रसंग कापडाच्या आकृत्यांनी चितारलेली एक गोधडी शिवली आणि 1886 साली अथेन्स गावच्या कापूस मेळ्यात ती मांडली. जेनी स्मिथ नावाच्या गोऱ्या चित्रकला शिक्षिकेने ती विकत मागितली. हॅरिएट कुठल्याही किमतीला द्यायला तयार नव्हती. काही वर्षांनी दिवस वाईट आले. ती स्वतः गोधडी घेऊन आली, दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. नवऱ्याशी बोलून तिने दिली. त्यानंतर ती अनेकदा नुसती गोधडी बघायला स्मिथच्या घरी गेली.

हे आपल्याला माहीत आहे, कारण स्मिथने ते लिहून ठेवलं. प्रत्येक चौकोनात काय आहे हे तिने हॅरिएटकडून समजून घेऊन नोंदवलं. पाच डॉलर देणं हा अन्याय होता. पण ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे आणि तिला बाईचं नाव आहे, ते त्याच खरेदीमुळे. खरेदी करणाऱ्याला नुसतं खलनायक ठरवलं की ही गोष्ट हातातून निसटते.

आणि नाव टिकणं किती अवघड, याचा दाखला खुद्द वॉकरच्या लेखनात आहे. 1974 च्या ‘इन सर्च ऑफ अवर मदर्स गार्डन्स’ या निबंधात ती स्मिथसोनियनमधल्या एका अप्रतिम गोधडीबद्दल लिहिते. पाटीवर शिवणारीचं नाव नव्हतं, अलाबामातली एक अनामिक काळी स्त्री एवढाच उल्लेख. वर्णनावरून ती हॅरिएटचीच गोधडी असावी असं अनेक अभ्यासक मानतात. मी कामावर जो कोड लिहितो त्याच्या एकेका ओळीला ती कोणी आणि कधी लिहिली याची नोंद चिकटलेली असते, आणि ती ओळ उद्या कुणाला आठवणारही नसते. शंभर वर्षांची गोधडी मात्र निनावी लटकू शकते.

तिसरी अडचण पैशाची, आणि माझ्या मते कथेतली खरी उणीव हीच आहे. आई, मॅगी, डी, तिघीही त्या गोधड्यांना किंमत नसल्यासारखं बोलतात. डी त्या अमूल्य म्हणते, पण विकत घेऊ का, असं एकदाही विचारत नाही. वॉकरने प्रश्न ‘वापर की भिंत’ असा मांडला आणि ‘पैसे कोणाला’ हा प्रश्न दाराबाहेर राहिला. हॅरिएटला तो बाहेर ठेवणं परवडलं नव्हतं.

अलाबामातल्या गीज बेंडच्या बायकांनाही परवडलं नाही. 1966 मध्ये त्या भागात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था निघाली आणि तिथल्या गोधड्या न्यूयॉर्कमध्ये विकल्या जाऊ लागल्या. सीअर्स कंपनीसाठी उशांचे कॉर्डुरॉय अभ्रे शिवण्याचं कंत्राट मिळालं, आणि उरलेल्या कापडातून बायकांनी घरासाठी पुन्हा गोधड्या केल्या. 1990 च्या दशकाच्या शेवटी विल्यम आर्नेट हा संगाहक एका पुस्तकात ॲनी मे यंगच्या गोधडीचा फोटो बघून गावात पोहोचला. 2002 मध्ये ह्यूस्टनला आणि मग व्हिटनीत प्रदर्शन झालं. जुन्या पँटींच्या गुडघ्यांपासून शिवलेल्या, थंडीसाठी केलेल्या गोधड्या बघायला लोकांनी गर्दी केली. 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. आणि 2007 मध्ये गावातल्याच काही शिवणाऱ्या बायकांनी कोर्टात दावे लावले, की आमच्या गोधड्यांचा आणि नावांचा जो व्यापार झाला त्यातलं आमचं आम्हाला मिळालं नाही. पुढच्या वर्षी तडजोड झाली. 2021 पासून तिथल्या काही जणी एट्सीवर स्वतःची दुकानं चालवतात. नाव त्यांचं, किंमतही त्याच लावतात.

हा प्रवास बघितला की भिंत आणि पलंग यांतला झगडा मला दुय्यम वाटायला लागतो. गोधडी भिंतीवर गेल्याने गीज बेंडचं वाईट झालं नाही. वाईट झालं ते भाव आणि नाव दुसऱ्याच्या हातात गेल्याने.

पण कथा इथे एका जागी माझ्यापुढे जाते. आई म्हणते, मॅगी आणखी शिवेल, तिला शिवता येतं. आणि हट्टाला कंटाळून मॅगी म्हणते, देऊन टाक तिला, मला गोधडीशिवायही आजी आठवते. डी तयार वस्तू मागते. मॅगीकडे वस्तू करण्याची रीत आहे, म्हणून ती सोडायला तयार होते. ‘मला शिकव’ हे वाक्य डीच्या तोंडी येत नाही. तिची चूक मी इथे धरतो, टांगण्यात नाही.

अमेरिकेतलं साधं क्विल्टचं दुकान याच जागेवर उभं असतं, म्हणून मला ते अँटिकच्या दुकानापेक्षा जास्त आवडतं. मालकीण जुन्या घरांच्या विक्रीतून अर्धवट राहिलेले वरचे थर, पिठाच्या छापील पोत्यांचे तुकडे शोधून आणते. 1930 च्या दशकात पीठ आणि पशुखाद्य फुलाफुलांच्या सुती पोत्यांत येई आणि बायका त्यांचे झगे शिवत. ती जुनी नक्षी कंपन्या आज नव्याने छापतात आणि दुकानात ती 18 बाय 22 इंचांच्या तुकड्यांत विकली जाते, सोबत शनिवारचा शिवणवर्ग. जुनं कापड तिथे नमुना होतं. शोध डीचा, काम मॅगीचं.

हे सगळं आपल्यालाही लागू होतं. जुन्या साड्यांवर भांडी देणारी बोहारीण आणि जरीची साडी चांदीसाठी तोलून घेणारा माणूस आपण पाहिलेत. आता गोधडी इन्स्टाग्रामवर ‘आजीच्या मायेची ऊब’ म्हणून विकली जाते. गाव सोडून शहरात आलेले आपण बहुतेक जण, मान्य करा अथवा नका, डीच्या जागी आहोत. भिंतीवर खुशाल टांगा. फक्त विकणाऱ्याला विचारा, ही कोणी शिवली आणि तिला किती मिळाले. ‘मायेची ऊब’ हे उत्तर आलं तर अजून एकदा विचारा. आणि घरात कुणाला दोरे घालता येत असतील तर एक रविवार सुईत दोरा ओवून त्यांच्या शेजारी बसा.