पाटीवरचें अक्षर

पुस्तकाचें परीक्षण करावयाचें तें त्यांतील मजकुराचें, अशी आपल्याकडे रूढि आहे. कागद, खिळे, बांधणी यांविषयीं शेवटीं ‘छपाई सुबक आहे’ एवढें लिहून टीकाकार मोकळा होतो. मीही गेलीं पंचवीस वर्षें असाच मोकळा होत आलों. परंतु रस्त्यावरची पाटी हें असें एक वाङ्मय आहे कीं, त्याचा मजकूर दोन-तीन शब्दांत संपतो आणि उरतें तें केवळ अक्षर. तेथें टीकाकारास पळवाट नाहीं.

पाट्या निरखून वाचण्याची संवय मला लागली ती कायद्यामुळें. दुकानें व आस्थापना यांविषयींच्या कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती होऊन महाराष्ट्रांतील लहानमोठ्या सर्व दुकानांस देवनागरींतील मराठी पाटी आवश्यक झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपींतील अक्षरांहून लहान असूं नये, असेंही ठरलें. सप्टेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दुकानदारांस त्यासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली. हेतु स्तुत्य होता, याविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं. पण कायद्यानें अक्षराचें माप घेतलें. अक्षर पाहिलें नाहीं.

आणि माप तरी कोठून कोठवर घ्यावयाचें? रोमन मोठ्या लिपींतील अक्षराची उंची सरळ असते, तळरेषेपासून माथ्यापर्यंत. देवनागरी अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार बसतात, पायाशीं उकार लोंबतात. ‘कुर्ला’ हा शब्द उकाराच्या टोंकापासून रफाराच्या शेंड्यापर्यंत मोजून इंग्रजी शब्दाच्या उंचीइतका भरविला, तर नियम पाळला गेला असें कोणीही म्हणेल. पण शिरोरेषेखालचें मूळ अंग शेजारच्या रोमन अक्षरापुढें खुजें दिसूं लागतें. मोजपट्टीला समान, डोळ्याला लहान! माप घ्यावयाचें तें शिरोरेषेपासून तळापर्यंत, आणि वरखालच्या चिन्हांस जागा वेगळी सोडावयाची, हें पाटी आंखणाऱ्यास कळावयास हवें. तें न कळल्यामुळें जागा कमी पडली कीं तो अक्षर दोन्ही बाजूंनीं चेपतो. मग काने व दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तितकीच जाड राहते, आणि सारा शब्द छपराच्या भारानें खांब वांकलेल्या पडवीसारखा दिसतो.

यांत लिपीचा दोष नाहीं, आणि संगणकासाठीं अक्षरें घडविणारांचाही सर्वस्वीं नाहीं. र. कृ. जोशी यांच्यासारख्या कवीनें व सुलेखनकारानें संगणकावरील ‘मंगल’ हा टंक घडविला, त्या कामांत लिपीचें प्रेम होतें. अनेक टंकांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात; पण हा मजकूर मराठी आहे, असें संगणकास सांगावें लागतें. तें कोणी सांगत नाहीं, आणि मराठी पाटीवर हिंदी वळणाचा ल येऊन बसतो.

पाटीच्या कारखान्यांतील गोष्ट याहून निराळी. व्हायनलमधून अक्षरें कापणारें यंत्र चित्र पाहत नाहीं, कडा पाहतें. देवनागरीचें प्रत्येक अक्षर आपल्या शिरोरेषेचा तुकडा बरोबर आणतें, आणि तो शेजारच्या तुकड्यावर किंचित् चढतो. पडद्यावर ती सलग रेषा दिसते, पातें मात्र प्रत्येक सांध्यावर चीर पाडतें. म्हणून त्या कडा आधीं एकजीव करून घ्याव्या लागतात. उठावाच्या अक्षरांत शिरोरेषा शब्दाला धरून ठेवते, ही आपल्या लिपीची सोय. पण अनुस्वाराला कोणाचाच आधार नसतो. तो स्वतंत्र खिळ्यावर उभा राहतो आणि पहिल्या पावसांत पडतो. एका गांवीं मीं ‘वाचनमदिर’ अशी पाटी पाहिली आहे. (विशेषण म्हणून तें अगदींच वाईट नाहीं.) कागदावरही या बिंदूचे हालच. बारीक काळा मजकूर एकट्या काळ्या शाईनें न छापतां चार शायांच्या मिश्रणानें छापला, तर शाया केसभर सरकतांच अनुस्वार पुसट होतो.

जुन्या छापखान्यांत हें सारें कोणी पाहत असे? जावजी दादाजींच्या निर्णयसागराचें नांव आपण शुद्ध छपाईसाठीं घेतों. पण कोणत्याही छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्यास प्रत्येक जोडाक्षर खणांतून उचलून हातांत धरावें लागे. तो विद्वान् नसेल. परंतु त्यानें वाचल्याशिवाय मजकूर पुढें सरकत नसे. आज लेखक आणि यंत्र यांच्यामधला हा वाचक उरला नाहीं, आणि त्याचें काम कोणी अंगावर घेतलें आहे असें दिसत नाहीं.

मीही घेतलें नव्हतें. आमच्या महाविद्यालयांतील एका दिवंगत सहकाऱ्यांच्या नांवें दगडी फलक कोरावयाचा होता. मजकूर माझा होता. मोबाइलवर नमुन्याचें चित्र आलें, तें मीं दोनदां वाचून संमति दिली, आणि तें निर्दोष होतें. परंतु कारखान्याकडे चित्र गेलें नाहीं, फाइल गेली. अक्षरांच्या कडा पक्क्या न करतां, नुसता मजकूर म्हणून. तेथील संगणकास देवनागरीचीं जोडाक्षरें जोडतां येत नव्हतीं. अनावरणाच्या दिवशीं पडदा सरला आणि ‘स्मृत्यर्थ’ हा शब्द सर्वांसमक्ष ‘स्‌मृत्‌यर्‌थ’ असा पाय मोडून उभा राहिला. सहकाऱ्यांच्या थोरल्या भगिनी पुढच्या रांगेंत बसल्या होत्या. त्या उठून फलकाजवळ गेल्या, त्या शब्दावरून त्यांनीं बोट फिरविलें, आणि कांहीं न बोलतां परत येऊन बसल्या.

दुसरी शिळा कोरतांना मी स्वतः कारखान्यांत गेलों. यंत्र सुरू करण्यापूर्वीं पडद्यावरचा मजकूर अक्षर न् अक्षर मोठ्यानें वाचला. यंत्रावरचा तरुण हात थांबवून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्यानें विचारलें, “सर, ‘त्य’ हें एक अक्षर कीं दोन?”