गाव न सोडलेल्यांची व्यक्तिचित्रे

१९१५ साली, एकमेकांची नावेही ऐकलेली नसलेल्या दोन माणसांची गावाविषयीची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. पहिले त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’. दुसरे एडगर ली मास्टर्स या शिकागोतल्या वकिलाचे ‘स्पून रिव्हर अँथॉलॉजी’. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या इलिनॉय राज्यात, शेतीवाडीच्या दोन लहान गावांत मास्टर्सचे बालपण गेले होते. त्याच्या पुस्तकात टेकडीवरच्या स्मशानभूमीतले दोनशेहून अधिक मृत रहिवासी एकामागून एक बोलतात. प्रत्येक कवितेला एका माणसाचे नाव आहे, आणि ते माणूस जन्मभर जे बोलले नाही ते मेल्यावर बोलते.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. ‘गावगाड्या’त गाव सबंध आहे. पाटील-कुळकर्णी, बलुतेदार-अलुतेदार, फिरस्ते, त्यांची देणीघेणी, मानपान, भांडणे, सगळे काही आहे. पण त्यात सुतार आहे, त्या सुताराचे नाव नाही. उलट मास्टर्सकडे नावेच नावे आहेत. गावाची रचना वाचकाने त्यांच्यातून जुळवून घ्यायची. एक बँक बुडाली, तिने कुणाकुणाला बुडवले, हे वेगवेगळ्या कबरींतल्या बोलण्यातून हळूहळू उमगते. एकाने व्यवस्था सांगितली, दुसऱ्याने माणसे.

मराठीत या दोहोंच्या मध्ये जो प्रकार रुजला त्याला आपण व्यक्तिचित्र म्हणतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ची, पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२चे. या दोन पुस्तकांनी मराठी वाचकाला माणूस आठवायचा कसा हे शिकवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मात्र या प्रकाराची एक अट आहे आणि तिच्याकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. व्यक्तिचित्र लिहिणारा बहुधा गाव सोडून गेलेला असतो, नाही तर गावात पाहुणा म्हणून आलेला असतो. मास्टर्सने इलिनॉयची ती गावे सोडली आणि मग शिकागोत बसून लिहिले. माडगूळकरांनी माणदेश सोडला आणि मग माणदेशी माणसे लिहिली. अंतू बर्वा आपल्याला भेटतो तो रत्नागिरीला मुक्काम टाकलेल्या, परत जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून. गाव मागे पडते, माणसे तिथेच राहतात, आणि त्या अंतरामुळे ती स्पष्ट दिसू लागतात.

आता असा विचार करून पाहू, की गाव कुणीच सोडले नाही आणि गावच माणसांना सोडून गेले, तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या उपनगरांत मिळते.

साष्टी बेट, म्हणजे षट्षष्टी, सहासष्ट गावांचे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त उत्तर कोकणातल्या गावांची नावे येतात, त्यांतली कितीतरी आज रेल्वे स्थानकांच्या आणि बसथांब्यांच्या पाट्यांवर वाचायला मिळतात. पोर्तुगीज आले, १७३९ साली वसई मराठ्यांनी जिंकली, १७७४ साली साष्टी इंग्रजांनी घेतली. गावे जागच्या जागी राहिली. भातशेती, ताडी, मिठागरे, मासेमारी चालू राहिली. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी या बेटातूनच गेली, तरी लगेच फार काही बदलले नाही. बदलले ते विसाव्या शतकात. १९५० साली अंधेरी आणि घाटकोपर ज्यात येतात तो पट्टा महापालिकेच्या हद्दीत आला, १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा. शेत, खाजण, आमराई यांवर इमारती उभ्या राहिल्या. उरले ते गावठाण, म्हणजे गावातल्या घरांपुरती जागा. तिथला माणूस एक पाऊलही न हलता खेड्यातून महानगरात आला.

या उपनगरांविषयी मराठीत पुष्कळ प्रेमाने लिहिले गेले आहे. पु. लं.चे बालपण जोगेश्वरीत आणि पार्ल्यात गेले. पार्ल्याची संस्कृती हा तर मराठी लेखनातला एक स्वतंत्र विषय आहे. परंतु हे सारे लेखन गाडीने आलेल्यांचे आहे. ‘व्यक्ती आणि वल्ली’त नामू परीट आहे, पेस्तनकाका आहेत, भैया नागपूरकर आहे. साष्टीचा कोळी, आगरी किंवा ईस्ट इंडियन त्यात नाही. हा पु. लं.चा दोष म्हणून मी सांगत नाही. एका लेखकाने सगळ्यांना भेटलेच पाहिजे असा नियम नसतो. प्रश्न एका पुस्तकाचा नसून सवयीचा आहे, आणि ती सवय एका वाक्यात पकडता येते. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही जुन्या सोसायटीत बसा, हे वाक्य ऐकू येईल: “आम्ही आलो तेव्हा इथे काही नव्हते, नुसते जंगल होते.”

माझे वडीलही हेच म्हणत. मी ते वाक्य चाळिशी ओलांडेपर्यंत खरे मानले. त्याच सुमारास मी बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ पाहायला वारंवार जात होतो. शिलाहार काळाच्या अखेरीशी जोडले जाणारे हे उंच दगड, त्यांवर कोरलेली गलबतांची लढाई, पडलेले वीर आणि त्यांना स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा. मी टिपणे काढत होतो, मापे घेत होतो. आमच्या इमारतीमागच्या गावठाणातल्या ऐंशी वर्षांच्या आंटींनी एकदा विचारले, “रोज कुठे जातोस रे वही घेऊन?” मी सांगितले. त्या म्हणाल्या, “सातशे-आठशे वर्षांमागे मेलेल्यांचे लिहितोस. आमच्या घरासमोर विहीर होती, ती तुमच्या बिल्डिंगच्या खाली आहे. ते लिहिलेस कधी?”

त्या विहिरीवर जी इमारत उभी आहे तिच्यात मी वाढलो होतो, आणि तिथे पूर्वी काय होते हे मी कुणाला कधी विचारले नव्हते.

त्या दिवशी आंटींनी मला गल्लीतली माणसे सांगितली. माडगूळकरांसारखी एकेक करून नव्हे, विहिरींच्या क्रमाने सांगितली. अमक्या विहिरीवर पाणी भरणारी पाच घरे, तमकीवर तीन. कुणाची गाय, कुणाची होडी, कुणाचे ताड. विक्षिप्तपणाचा किस्सा एकही नव्हता. ‘वल्ली’ म्हणावी अशी एकही व्यक्ती नव्हती. तरी ऐकताना माझ्यासमोर सबंध गाव उभे राहिले. मग माझ्या लक्षात आले, की ज्या साच्यात मी माणसे शोधत होतो त्या साच्यात ही माणसे बसणार नव्हती. वल्ली ही वाचकाला हसवून निरोप देते. इथल्या माणसाला निरोप घ्यायचा नसतो, तो अजून त्याच गल्लीत राहतो.

मराठीने या लोकांना विसरले असे म्हणणे तितकेसे खरे नाही. तिने त्यांना समूह म्हणून लक्षात ठेवले. कोळी म्हटले की कोळीगीत, स्नेहसंमेलनातले नाच, टोपलीतले पापलेट. वारली म्हटले की भिंतीवरची पांढरी त्रिकोणी माणसे. आरे दुग्ध वसाहत १९४९ साली स्थापन झाली, पण तिथल्या पाड्यांतला वारली शहराला बहुतेकदा एखाद्या आंदोलनाच्या बातमीतच दिसतो. ही ‘गावगाड्या’चीच दृष्टी आहे, फक्त आत्र्यांचा अभ्यास तिच्यात नाही. धंदा दिसतो, नाव दिसत नाही.

ईस्ट इंडियनांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. यांची घरची बोली मराठीची, लग्नातली गाणी मराठीची. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, इथलेच, हे सरकारला कळावे म्हणून त्यांनी हे नाव घेतले. पुढे शाळा इंग्रजी झाली. लिहायची भाषा एक आणि आठवायची भाषा दुसरी, अशी फाळणी झाली. खाडीपलीकडच्या वसईत असे झाले नाही. तिथे ख्रिस्ती समाज मराठी शाळेत शिकला आणि म्हणून तिथून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारखे मराठी लेखक मिळाले. फादर दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. खाडीच्या अलीकडे तसे घडले नाही, याचे कारण प्रतिभेत शोधण्याऐवजी शाळेच्या माध्यमात शोधले पाहिजे.

मग या माणसांची आठवण कुठे राहिली? तीन ठिकाणे मला महत्त्वाची वाटतात, आणि समीक्षकाने ती साहित्य म्हणून वाचावीत असे माझे म्हणणे आहे.

पहिले ठिकाण क्रूस. गावठाणांच्या वळणांवर दगडी क्रूस उभे आहेत. त्यांतले बरेच १८९६च्या प्लेगच्या काळात, साथ गावात येऊ नये किंवा आलेली जावी म्हणून उभारलेले. काहींवर उभारणाऱ्याचे नाव आणि वर्ष कोरलेले असते. भीती, नवस आणि नाव, एवढे तीन-चार ओळींत मावते. अंधेरीतले कोंदिविट्याचे उदाहरण तर याहून मोठे आहे. तिथे १५७९ साली जेझुइटांनी बांधलेले सेंट जॉन द बाप्टिस्टचे चर्च होते. १८४० साली साथ आली आणि लोक मरोळला गेले, तिथे नवे चर्च झाले. जुन्याचे अवशेष १९७३ साली स्थापन झालेल्या सीप्झच्या कुंपणात अडकले. आज तिथे जायला परवानगी लागते, आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, लोक तिथे प्रार्थनेला जमतात. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी सोडलेल्या जागेला कारखान्यांमधून वाट काढून जाणे, ही आठवणच आहे, फक्त ती कागदावर उतरलेली नाही.

दुसरे ठिकाण महसुली दप्तर. गाव नमुना सहा-क म्हणजे वारस नोंदवही. खातेदार मेला की त्याचे नाव, मृत्यूची तारीख आणि वारसांची नावे तिच्यात चढतात. या वहीची भाषा कोरडी असते, पण तिच्यात एक गोष्ट आहे जी कुठल्याही व्यक्तिचित्रसंग्रहात नाही: बायकांची नावे. बहीण आठवणीत ‘अमक्याची बहीण’ असते. वारस नोंदीत तिला स्वतःचे नाव असते, आणि पुढच्या हक्कसोडपत्रात तिचा अंगठा किंवा सही असते. कित्येक बायका लेखी स्वरूपात पहिल्यांदा अवतरतात त्या जमिनीवरचा हक्क सोडताना, आणि तेवढ्यापुरत्याच. एका सहीत अख्खी कादंबरी आहे असे म्हणायचा मोह होतो. पण कादंबरी नंतर लिहावी, आधी ती सही नीट वाचावी.

तिसरे ठिकाण कबरस्तान, आणि इथे मास्टर्सचा आधार संपतो. त्याच्या टेकडीवर प्रत्येकाची कबर कायमची आहे, म्हणून प्रत्येक जण आपल्या जागेवरून बोलू शकतो. मुंबईत जागा अपुरी. तात्पुरती कबर काही वर्षांनी दुसऱ्यासाठी उघडली जाते, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात. आगरी-कोळी समाजात दहन, म्हणजे तेवढीही खूण नाही. टेकडीवरच्या मृतांचे हे रूप इथे उसने आणून चालणार नाही. इथल्या माणसाची जागा कबरीत राहत नाही. राहिलीच तर विहिरीत, बांधात, होडीच्या नंबरात राहते. आंटींनी विहिरींच्या क्रमाने गाव सांगितले ते याचमुळे असावे. तो त्यांचा साहित्यप्रकार होता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गावठाणाच्या आठवणी गोड करून सांगण्याचा उद्योग आता जोरात आहे: जुने फोटो, जुने पदार्थ, लुगडे नेसलेल्या आज्या. पण गावात जमीनमालक होते तशी कुळे होती. कुणी भावाला न सांगता जमीन विकली, कुणी बहिणीची सही फसवून घेतली, कुणी बिल्डरच्या बाजूने गावकऱ्यांना समजावत फिरला. मास्टर्सच्या पुस्तकात लुईस्टनच्या लोकांना आपली माणसे ओळखू आली आणि ते दुखावले. ज्यात कुणीच दुखावत नाही ते व्यक्तिचित्र मृत्युलेखाच्या वळणाचे होते. गावठाणाचे खरे चित्र लिहायचे तर जमीन गेली कशी हे लिहावे लागेल, आणि तिच्यावर राहायला आले कोण हेही. त्या चित्रात माझे वडील येतील, त्यांनी हप्त्याने घेतलेली खोली येईल, आणि खोलीखालची विहीर येईल. लिहिणारा बाहेरचा पाहुणा राहू शकणार नाही. अंतर ठेवण्याची जी सोय व्यक्तिचित्राने आजवर घेतली ती इथे मिळत नाही, आणि हा प्रकार पुढे जाणार असेल तर याच अडचणीतून जाईल असे मला वाटते.

वेळ मात्र थोडा आहे. गावठाणांत पुनर्विकासाच्या पाट्या लागल्या आहेत. विहिरींच्या क्रमाने गाव सांगू शकणारी माणसे ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्या नातवंडांना विहिरी ठाऊक नाहीत, आणि आम्हा गाडीने आलेल्यांना त्या ठाऊक करून घ्याव्याशा वाटल्या नाहीत.

आंटी दोन वर्षांपूर्वी गेल्या. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, मी त्यांच्या मुलाबरोबर कबरस्तानात गेलो. दिवाळीच्या आगेमागेच हा दिवस येतो. बाहेर आमच्या सोसायट्यांचे आकाशकंदील होते, आत मेणबत्त्या. मुलाने दोन मेणबत्त्या लावल्या. एक आईच्या कबरीवर, आणि एक शेजारच्या मोकळ्या मातीवर. तिथे कोण आहे, असे मी विचारले. तो म्हणाला, “आता कोण आहे माहीत नाही. आधी माझी आजी होती.”

मी वहीत आजीचे नाव विचारून लिहून घेतले. कुठली विहीर, तेही विचारले.